अर्धी फळी

नाताळच्या आदल्या रात्री कायतानच्या बेकरीत
गिऱ्हाईक संपलं की फळी अर्धी ओढतात.
उरलेल्या अर्ध्यातून वाकून आत यायचं.
खानापुरात हे कुणी ठरवलेलं नाही,
पण सतरा वर्षं झाली, आम्ही वाकतोय.

भट्टी विझत आलेली, भिंत मात्र गरम.
पाठ टेकायला तीच जागा मिळावी म्हणून
दस्तगीर साडेसातलाच येऊन बसतो
आणि घड्याळांचा विषय काढतो.
चावीचं घड्याळ मालकाला ओळखतं, म्हणतो,
सेलचं कुणाचंच नसतं.
"पुरावा?" भरमाण्णा विचारतो.
भरमाण्णा प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतो,
भुतं सोडून.

मडिवाळप्पा कुंभार. मलप्रभेकाठची माती
जिभेवर ठेवून गाव सांगतो.
कन्नडात सुरू करतो, मराठीत चिडतो,
पैशाचा हिशेब परत कन्नडात.
मातीला मीठ कमी झालंय अलीकडं, हे त्याचं मत.
आम्हाला पटलेलं नाही,
पण दोदोल खाताना सगळेच
थोडं जपून चावतो.

इंदुमती देसूरकर पोस्टातून निवृत्त झाली
तेव्हा घरी काय नेलं? एक वही.
एकाच गावाचं नाव
लोकांनी पाकिटावर किती तऱ्हांनी लिहिलं, त्याची.
यंदा अडतीस झाली.
वेलांटीवरून, ग-व वरून, शेवटच्या अक्षरावरून
आम्ही बाहेर जी भांडणं ऐकत आलो
ती सगळी तिच्याकडं तारीखवार आहेत.
वाचून झाल्यावर ती चष्मा काढते.
"पत्रं सगळी पोचली," एवढंच म्हणते,
आणि नेवरी उचलते.

मी बसचा कंडक्टर होतो.
माझं म्हणणं असं, की तिकीट मागताना
माणूस गावाचं नाव ज्या आवाजात घेतो
तेवढंच गाव त्याचं असतं.
कणकुंबीचे लोक नाव हळू घेतात, पावसाची सवय.
"तू लई इचार करालास," दस्तगीर म्हणाला.
यावर चर्चा झाली नाही. पुढच्या वर्षी परत मांडीन.

यंदा चांदणीचा कागद मांजरानं फाडला.
पिएदादनं खळ शिजवली आणि हाताला आलं ते चिकटवलं,
दोन टोकांना मराठी पेपर, तीनला कन्नड.
झालं! वरचं टोक कुणाचं?
भरमाण्णा उभा राहिला. मडिवाळप्पाही.
सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणी उभं राहून बोललं.
पिएदादनं खळीचा हात पदराला पुसला.
"जें आदीं सुकलें तें वयर," म्हणाली,
आणि दिवा लावला.
आतून उजेड पडला तशी
कागदाच्या पाठीमागची पानंही उमटली.
लग्नाच्या जाहिराती, गुळाचे भाव, एक हरवलेली म्हैस,
सगळं उलटं, एकावर एक.
कुणालाच वाचता येईना.

मग कायतानची नात फ्लाव्हिया,
नऊ वर्षांची, पिठाच्या पोत्यावर बसलेली,
अजून तिला मत मांडायची पाळी नव्हती,
तोंडात कुलकुलं घेऊनच बोलली:
"गोठा तर बैलाचा होता.
बाळाला ठेवताना त्याला कुणी विचारलं?"

भट्टीत एक लाकूड बसलं.
इंदुमतीनं वही मिटली.
मडिवाळप्पा खिशात हात घालून
काहीतरी बोटांनी मळत राहिला,
खिशात त्याच्या कायम मातीचा गोळा असतो.
भरमाण्णानं पुरावा मागितला नाही.
कायताननं फक्त चहा परत तापत ठेवला.
दूध संपलं होतं. कोरा चाललाच.

किती वेळ गेला कोण जाणे,
चर्चमधून घंटा सुरू झाली.
पिएदादनं डोक्यावरून ओढणी घेतली, पोरीला उठवलं.
आम्ही एकेक करून वाकलो, बाहेर थंडीत आलो.
धुकं असं, की रस्त्यापलीकडची पाटी
कुठल्या लिपीत आहे दिसत नव्हतं.
गोठ्याच्या देखाव्यात सकाळी
मातीचा एक बैल सगळ्यांच्या पुढं दिसला, अजून ओला.
पण ते सकाळचं झालं.
त्या रात्री दस्तगीरनं बाही सरकवली,
घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाला,
"घंटा चार मिनिटं मागं आहे."

"पुरावा?"